लाल कुरणातली झोंबी आणि साडीतली मरिया

नागभीड, सिंदेवाही, वडसा, कुरखेडा या पट्ट्यात धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. मंडईच्या, म्हणजे इथल्या जत्रेच्या, निमित्ताने गावोगाव मंडप पडतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक संपेस्तोवर उजाडायला लागलेलं असतं. मला नाटकाहून त्याच्यानंतरचा अर्धा तास जास्त आठवतो. दहिवराने ओल्या झालेल्या धुऱ्यांवरून लोक घराकडे निघतात. चादरी पांघरलेल्या बाया थव्याने चालतात. त्यांतली एखादी रिकाम्या बांधीकडे हात करून दुसरीला सांगते, तो तिथं असा उभा होता अन् ती इथं पडली होती. मंडप केव्हाच मागे राहिलेला असतो, बांधीत धसकटांशिवाय काही नसतं. तरी दुसरी तिकडे बघते आणि मान डोलावते. तिलाही तो उभा दिसलेला असतो.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथल्या पाँ-आव्हेन या गावी 1888 साली पॉल गोगँ या चित्रकाराने हाच अर्धा तास रंगवला. चित्राचं नाव ‘प्रवचनानंतरचं दर्शन’. रविवारचं प्रवचन ऐकून बाहेर पडलेल्या शेतकरी बाया आपल्याकडे पाठ करून बसल्या-उभ्या आहेत. ब्रिटनीतल्या बाया घालत तशा पांढऱ्याशुभ्र, ताठ टोप्या त्यांच्या डोक्यांवर आहेत. काहींचे डोळे मिटलेले, काहींचे हात जोडलेले. उजव्या कोपऱ्यात पाद्री आहे. आणि समोर, एका तिरक्या झाडाच्या पलीकडे, दोघं जण एकमेकांना भिडले आहेत. त्यांतल्या एकाला पंख आहेत. कॅनव्हास सुमारे 72 बाय 91 सेंटिमीटरचा, म्हणजे घरातल्या खिडकीएवढा. त्यातली जमीन शेंदराच्या जवळ जाणारी लालभडक आहे.

भिडलेले दोघं कोण, हे त्या बायांना नुकतंच पाद्र्याने सांगितलं आहे. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्याच पुस्तकातली ती गोष्ट. याकोबाने तरुणपणी आपल्या थोरल्या भावाला, एसावाला, फसवून बापाचा आशीर्वाद लाटला होता आणि तो परागंदा झाला होता. कित्येक वर्षांनी तो बायका, मुलं, गुरंढोरं घेऊन परत निघतो. उद्या भावाशी गाठ आहे, आणि भाऊ चारशे माणसं घेऊन येतो आहे अशी वार्ता आलेली. याकोब सगळ्यांना याब्बोक नावाच्या नदीच्या उतारातून पलीकडे पाठवतो आणि स्वतः अलीकडे एकटा राहतो. अंधारात कोणीतरी त्याच्या अंगावर येतं. रात्रभर झोंबी चालते. पहाट होऊ लागते तरी याकोब हटत नाही, तेव्हा तो अनोळखी त्याच्या मांडीच्या सांध्याला स्पर्श करतो आणि सांधा निखळतो. तरीही याकोब पकड सोडत नाही, आशीर्वाद मागतो. त्याला आशीर्वाद मिळतो आणि नवं नावही मिळतं, इस्राएल. सूर्य उगवतो तेव्हा तो लंगडत चाललेला असतो.

ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. वनपर्वातला अर्जुन आठवावा. अस्त्र मिळवायला तप करत बसलेल्या अर्जुनासमोर महादेव येतो तो किराताच्या वेशात, रानातला शिकारी होऊन. एका रानडुकरावरून दोघांची जुंपते, बाण संपतात, धनुष्य जातं, शेवटी अंगाला अंग भिडतं. अर्जुन हरतो आणि हरल्यावर त्याला कळतं की आपण कोणाशी झोंबत होतो. मग पाशुपतास्त्र मिळतं. दोन्ही गोष्टींत देव अनोळखी रूपात येतो, दोन्हींत माणूस देवाशी अक्षरशः अंगाने भिडतो, आणि वरदान भिडण्यातून येतं. आमच्याकडची गोष्ट तर देवाला रानातल्या माणसाचंच रूप देते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावं असं मला नेहमी वाटतं.

आता गोगँच्या चित्राकडे परत येऊ, कारण त्याने केलेली खरी करामत गोष्टीत नाही, मांडणीत आहे. त्याआधी शतकानुशतकं युरोपातल्या चित्रकारांनी बायबलमधले प्रसंग रंगवले ते घडले असतील तसे. याकोब पाहिजे तर याकोब, नदी पाहिजे तर नदी. गोगँने नदी काढलीच नाही. रात्रही काढली नाही. त्याने काढल्या गोष्ट ऐकणाऱ्या बाया, आणि गोष्ट दाखवली ती त्यांच्या मिटल्या डोळ्यांसमोर उभी राहिली तशी. व्हॅन गॉगला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सरळ सांगितलं आहे: ते कुरण आणि ती कुस्ती प्रवचनामुळे प्रार्थना करणाऱ्या लोकांच्या कल्पनेत आहे, बाकी कुठे नाही. म्हणूनच जमीन लाल आहे. म्हणूनच झाड असं आडवं पडलं आहे की इकडे बाया आणि तिकडे दर्शन. झाडाच्या इकडे, बायांच्या बाजूला, एक गायही आहे, आणि ती बायांच्या मानाने फारच लहान आहे. आणि कुस्ती? ब्रिटनीत गुरेन नावाची कुस्तीची जुनी परंपरा आहे, जत्रांतून तिच्या लढती होत. बायांनी याकोबाची झोंबी कधी पाहिलेली नव्हती, पण आपल्या गावच्या पोरांची पाहिली होती. ऐकलेल्या गोष्टीला त्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं अंग दिलं.

रंग लावण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. सावल्या जवळजवळ नाहीत. मोठे सपाट रंग आणि त्यांना गडद रेषेची वेस. गोगँने हे काही अंशी जपानी ठशांच्या चित्रांतून घेतलं, काही अंशी एमील बेर्नार या तरुण मित्राच्या प्रयोगांतून. पण पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथ्या ज्याने पाहिल्या असतील त्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. चित्रकथीच्या पोथीतही सावली नसते, अंतराचा हिशोब नसतो. ठळक रेषेच्या आत सपाट रंग असतो, आणि राम-रावण जिथे उभे असतात ती जमीन नकाशावर दाखवता येत नाही. तिथेही चित्र एकटं नसतं, शेजारी सांगणारा असतो आणि समोर ऐकणारे. चित्र म्हणजे ऐकलेल्याचं दर्शन, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिला नाव देण्याची कोणाला गरज पडली नाही.

फ्रान्समध्ये नाव द्यावं लागलं. 1886 च्या सप्टेंबरात झाँ मोरेआस या कवीने ‘ल फिगारो’ या वर्तमानपत्रात प्रतीकवादाचा जाहीरनामा छापला. तो कवितेबद्दल होता. चित्रकलेपुरता तो विचार अल्बेर ओरिए या अगदी तरुण समीक्षकाने 1891 साली मांडला, आणि त्यासाठी त्याने हेच चित्र पुढे धरलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की चित्राने वस्तूंची नक्कल करू नये. कल्पना हा चित्राचा विषय, आणि झाड, माणूस, रंग ही त्या कल्पनेची अक्षरं. छायाचित्राचा कॅमेरा बाजारात आला होता, यंत्रं आणि विज्ञान सगळं मोजू लागलं होतं. त्या काळात काही चित्रकार न मोजता येणाऱ्या गोष्टींकडे वळले, यात मला आश्चर्य वाटत नाही.

सगळेच प्रतीकवादी एका वाटेने गेले नाहीत. गुस्ताव मोरोने 1876 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ‘आभास’ नावाचं जलरंगातलं चित्र ठेवलं. हेरोद राजापुढे नाचणाऱ्या सालोमेने योहानाचं मस्तक मागितल्याची बायबलमधली कथा त्यात आहे. मोरोच्या चित्रात ते मस्तक तेज:पुंज होऊन हवेत तरंगतं आणि सालोमे त्याच्याकडे बोट दाखवून उभी आहे. तिच्या अंगावर दागिनेच दागिने आहेत. मोरोने हिंदुस्थानी लघुचित्रांचा अभ्यास केला होता, आणि पूर्वेकडच्या अनेक देशांची नक्षी त्याच्या सालोमेभोवती गोळा झाली आहे. चित्र विलक्षण आहे, पण तिथे पूर्व म्हणजे दूरचं, गूढ, मोहात पाडणारं काहीतरी. गोगँच्या बाया शेजारच्या आहेत. मला गोगँचं चित्र मोठं वाटतं ते यासाठी.

ते चित्र त्याने जवळच्या निझाँ गावच्या जुन्या दगडी चर्चला देऊ केलं. पाद्र्याने घेतलं नाही. ज्यांचं दर्शन रंगवलं होतं त्यांच्या भिंतीवर ते लागलं नाही. 1925 पासून ते एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

एडिंबरो म्हटलं की चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, माणसाला एक जुना धागा आठवतो. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन चांद्यात होतं, आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात, 1870 च्या दशकात, नीळकंठशास्त्री गोरे तिथे राहिले होते. मूळ चित्पावन घराणं, बालपण काशीत, संस्कृत दर्शनांचा गाढा अभ्यास, 1848 मध्ये बाप्तिस्मा आणि नाव नेहेम्या. पुढे पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती विचारावर ज्यांचा मोठा प्रभाव पडला ते हेच गोरे. गोंड राजांच्या परकोटाआड वसलेल्या त्या गावात हा शास्त्री, संस्कृतात मुरलेल्या भाषेत, याकोबाची गोष्ट कशी सांगत असेल याची कल्पना करायला मला आवडतं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? याब्बोक तर कोणी पाहिली नव्हती. इरई-झरपटचा संगम सगळ्यांनी पाहिला होता.

शब्दांच्या बाबतीत बायबलला इथलं करण्याचं हे काम मराठीत फार आधी झालं होतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि उरलेली चाळीस वर्षं तिथेच राहिला. त्याने बायबलची कथा मराठी ओवीत लिहिली. ते ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर इथे रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलं. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या गोव्याच्या नवख्रिस्ती माणसाला त्याने पुराणच दिलं. तुकोबा तेव्हा लहान होते. म्हणजे बायबलने मराठी ओवी नेसली त्याला आता चारशेहून जास्त वर्षं झाली. पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं आणि ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. ते अपुरं राहिलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

चित्रं मात्र मागे राहिली. गोव्याच्या चर्चांतल्या मूर्ती घडवणारे हात कितीदा तरी इथलेच होते, आणि हात आपली सवय सोडत नाहीत. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंतात कोरलेला ‘मेंढपाळ बाळ येशू’ पाहावा. डोंगराच्या टप्प्याटप्प्यांवर मेंढरं आणि माथ्यावर डोळे मिटून बसलेलं मूल. त्याला पाहून बुद्ध आठवत नाही असा माणूस विरळा. पण हे चोरपावलांनी आलेलं. उघडपणे येशू-मरियेचे चेहरे, वस्त्रं, घरं युरोपातलीच राहिली. 1580 मध्ये गोव्याहून अकबराकडे गेलेल्या जेझुइटांनी अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल भेट नेलं, त्यातल्या चित्रांनी मुघल चित्रकार भारावले आणि त्यांनी त्यांच्या नकला केल्या, हेही खरं. विसाव्या शतकात तर अमेरिकन चित्रकार वॉर्नर सॉलमनने 1940 मध्ये रंगवलेला लांब केसांचा, उजळ कांतीचा ख्रिस्त छापील प्रतींतून जगभर पोचला. बल्लारपुरातल्या किंवा मुंबईतल्या ख्रिस्ती घरात कॅलेंडरवर दिसणारा चेहरा बहुधा त्याच घराण्यातला असतो.

हे चित्र बदलायला निघालेला माणूस गोव्यातला. आंजेलो द फोन्सेका, जन्म 1902, मांडवीच्या पात्रातल्या सांत इस्तेव बेटावरचा. घर सुखवस्तू. वैद्यकीचं शिक्षण सोडून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण तिथलं पाश्चात्त्य वळण त्यांना मानवेना. भारतीय गुरूकडे शिकायचं म्हणून बंगाल गाठला. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस हे त्यांचे गुरू. कोल्हापूरचे विनायक मासोजीही त्याच सुमारास शांतिनिकेतनात होते, तेही ख्रिस्ती आणि तेही बायबलचे प्रसंग भारतीय रेषेत उतरवणारे. अवनींद्रनाथांची वॉशची पद्धत जपानी चित्रकारांच्या सहवासात घडली होती. कागदावर पातळ जलरंग द्यायचा, कागद पाण्यात भिजवायचा, रंग मुरू द्यायचा, पुन्हा द्यायचा, पुन्हा भिजवायचा. असं कितीदा तरी केलं की रंग कागदावर बसलेला वाटत नाही, आतून उमटल्यासारखा वाटतो. कडा विरघळतात. पहाटेच्या धुक्यात माणूस दिसावा तसं चित्र दिसतं. दर्शन रंगवायचं तर याहून योग्य रीत कोणती?

या रीतीने फोन्सेकांनी मरिया रंगवली. सावळी, साडी नेसलेली, अनवाणी. देवदूत तिला बाळाची वार्ता सांगतो तो प्रसंग, ती आपल्या वयस्कर नातेवाईक बाईला, अलिशिबेला, भेटायला जाते तो प्रसंग, गोठ्यातला जन्म, आणि पुन:पुन्हा आई आणि मूल. भेटीच्या प्रसंगात दोन गरोदर बाया एकमेकींना भेटतात, एवढीच घटना आहे. युरोपीय चित्रांत ती पाहताना आपण संग्रहालयात असतो. साडीतल्या दोघी पाहिल्या की पहिलटकरणीला पाहायला आलेली मावशी आठवते, आणि त्या भेटीत किती काळजी आणि किती आनंद असतो हे सांगावं लागत नाही.

गोव्यात हे अनेकांना रुचलं नाही. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि देवाच्या आईने साडी नेसावी, इथल्या बाईसारखं दिसावं, हे लोकांना अपमानास्पद वाटलं. मला हा राग समजतो. ज्या चेहऱ्यापुढे आजीने गुडघे टेकले तो चेहरा कोणी बदलला की आजीचीच प्रार्थना खोटी ठरवल्यासारखं वाटतं. पण दुसरी बाजूही आहे. स्वतःसारखा दिसणारा देव ज्याला अपमान वाटतो, त्याला स्वतःच्या रूपाबद्दल काय शिकवलं गेलं असेल? राजा रविवर्म्याने लक्ष्मी-सरस्वतीला साडी नेसवली आणि त्याची छापील चित्रं घरोघरच्या देव्हाऱ्यात गेली. तिथे कोणाला परकं वाटलं नाही. मरियेला तीच साडी नेसायला किती झगडावं लागलं!

फोन्सेका पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून काम करू लागले. हा आश्रम जॅक विन्सलो या इंग्रज धर्मगुरूने काढलेल्या ख्रिस्त सेवा संघातून उभा राहिलेला. जमिनीवर बसणं, साधं शाकाहारी जेवण, भारतीय धाटणीची उपासना असं तिथलं वळण. याच संघात 1927 मध्ये ऑक्सफर्डहून व्हेरिअर एल्विन आला होता. तो पुढे गांधीजींकडे ओढला गेला, मग शामराव हिवाळे या संघातल्याच मराठी सोबत्याबरोबर 1932 मध्ये मंडल्याच्या गोंडांत जाऊन राहिला, आणि नंतर त्याने बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर ग्रंथ लिहिला. गडचिरोलीच्या सीमेपलीकडचं ते रान. एकाच आश्रमातून दोन वाटा फुटल्या. एल्विन धर्मप्रसार सोडून माणसं पाहायला गेला. फोन्सेका धर्मातच राहिले आणि तिथे आपली माणसं आणून बसवली.

इथे गोगँशी तुलना करावीच लागते. ब्रिटनीनंतर तो ताहिती बेटावर गेला आणि 1891 मध्ये त्याने मरियेला तिथल्या बाईचं रूप दिलं. रंगीत कापड गुंडाळलेली, मूल खांद्यावर घेतलेली. ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिला हात जोडणाऱ्या दोघींची ढब त्याने जावातल्या बोरोबुदूरच्या शिल्पांच्या छायाचित्रावरून घेतली होती. चित्र सुंदर आहे. पण गोगँ तिथे सत्ताधारी देशातून आलेला पाहुणा होता, आणि तिथल्या कोवळ्या मुलींशी तो ज्या रीतीने वागला ते आठवलं की त्या सौंदर्याला डाग लागतो. फोन्सेका पाहुणे नव्हते. त्यांची मरिया म्हणजे त्यांच्याच घरातली, त्यांच्याच गावातली बाई. प्रतीकवादी म्हणून त्यांचं नाव कोणत्याही यादीत नाही, आणि मीही ते घुसडत नाही. त्यांच्या कलेचा वंश अवनींद्रनाथांचा. तरी गोगँने 1888 मध्ये जे उमगून रंगवलं, की पवित्र कथा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत घडते आणि म्हणून ती ऐकणाऱ्याच्या जगातली माणसं मागते, ते फोन्सेकांनी आयुष्यभर आपल्या लोकांसाठी केलं. गोगँला त्या बायांचं दर्शन कळलं होतं, पण तो त्यांच्यात बसून प्रार्थना करणारा नव्हता. फोन्सेका त्या रांगेत बसलेले होते.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास त्यांच्या पाठीशी उभे राहिले. चीनमध्ये पोपचे प्रतिनिधी राहिलेले चेल्सो कोस्तान्तिनी तेव्हा कॅथलिक जगात हाच आग्रह धरत होते, की प्रत्येक देशाने आपल्या हाताने, आपल्या शैलीत ख्रिस्त रंगवावा. काळ हळूहळू फोन्सेकांच्या बाजूला वळत होता. 1962 ते 1965 या वर्षांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला आणि स्थानिक कलेला दार उघडलं. फोन्सेका त्यानंतर फार जगले नाहीत, 1967 च्या डिसेंबरात गेले.

1951 मध्ये त्यांचं लग्न झालं होतं आयव्ही मिनेझिस यांच्याशी. त्यानंतरच्या चित्रांतल्या मरियेचा चेहरा पुष्कळदा आयव्हींचा आहे. पतीमागे त्यांनी ती चित्रं जपली आणि पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपवली. ज्या गोव्याने ती सावळी बाई एकदा नाकारली होती, तिथेच ती आता भिंतीवर आहे, पदर सावरून, मांडीवर मूल घेऊन.